मासळीबाजाराशेजारच्या बायका

मैत्रिणींनो, युद्धाचा सिनेमा लागला की आपण बहुतेकजणी हळूच उठून स्वयंपाकघरात जातो. नको बाई ती मारामारी! पण ‘प्रे द डेव्हिल बॅक टू हेल’ हा जिनी रेटिकर या दिग्दर्शिकेचा २००८ सालचा माहितीपट मात्र उठून न जाता बघा. युद्ध आहे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं, आणि ते थांबवायला निघाल्या आहेत लेकुरवाळ्या बायका.

१९८९ च्या डिसेंबरात चार्ल्स टेलर बंडखोरांची फौज घेऊन या देशात घुसला. पुढे १९९७ साली निवडणूक जिंकून तोच अध्यक्ष झाला. पण दोन वर्षांतच त्याच्याविरुद्ध दुसरे बंडखोर उभे राहिले. दोन्ही बाजूंनी लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. माझ्या सातवीच्या वर्गातली मुलं कंपासपेटीवरून भांडतात. त्याच वयाची मुलं पडद्यावर बंदूक मिरवताना दिसली आणि पोटात गोळाच आला.

अशा मुलांना पुन्हा माणसांत आणण्याचं काम लेमा बोवी ही चार मुलांची आई करीत होती. २००३ साली तिने चर्चमधल्या बायका गोळा केल्या. मुसलमान बायकाही येऊन मिळाल्या. राजधानी मन्रोव्हियात मासळीबाजाराशेजारच्या मैदानावर, टेलरच्या गाड्यांचा ताफा जाई त्या रस्त्याच्या कडेला, त्या रोज बसू लागल्या. अंगात पांढरे कपडे, डोक्याला पांढरं फडकं, दागिना एकही नाही. त्यामुळे मोठ्या घरची कोण आणि बाजारात बसणारी कोण, हे कळायला मार्गच उरला नाही! ऊन असो, पाऊस असो, मागणी एकच: आम्हाला शांतता हवी. नवऱ्यांनीही मनावर घ्यावं म्हणून काहीजणींनी त्यांच्याशी शय्यासंबंधसुद्धा बंद केले. तुम्ही हसाल, पण त्यामुळे घराघरांत युद्धाचा विषय निघाला, हे खरं.

एप्रिलमध्ये टेलरने त्यांची भेट घेतली. जूनमध्ये घानाच्या राजधानीत, आक्रा इथे, वाटाघाटी सुरू झाल्या. पुढारी हॉटेलात आरामात, आणि इकडे मन्रोव्हियात तोफगोळे पडताहेत! जुलैमध्ये या बायकांनी सभागृहाची दारंच अडवली. करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही! बोवीला अटक करायला शिपाई आले, तेव्हा ती अंगावरचे कपडे उतरवू लागली. आईने असं करणं हा त्या मुलखात भयंकर शाप समजतात. शिपाई मागे हटले. ११ ऑगस्टला टेलरने देश सोडला आणि १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

पण मला सर्वांत मोठं वाटलं ते पुढचंच. करार झाला म्हणून या बायका घरी गेल्या नाहीत. हत्यारं जमा करताना गोंधळ उडाला, तेव्हा त्या पोरांची समजूत घालायला याच पुढे. ज्यांनी गावं जाळली त्यांना पुन्हा गावात घ्यायचं, हे काही सोपं का आहे? आपल्याला जमलं असतं? मी तरी छातीठोकपणे हो म्हणू शकत नाही. मतदारयादीत बायकांची नावं घालायला त्या दारोदार हिंडल्या. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. आफ्रिकेत अशा निवडून आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. २०११ चं शांततेचं नोबेल सरलीफ, बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळालं. आणि हो, २००७ ते २०१६ या काळात तिथला बंदोबस्त सांभाळायला संयुक्त राष्ट्रांतर्फे आपल्या देशाच्या महिला पोलिसांची तुकडीही होती, बरं का!

तेव्हा एखाद्या दुपारी शेजारणींना बोलवा आणि हा माहितीपट बघा. लहान मुलांना नको. पण कॉलेजात जाणारी असतील, तर त्यांना आवर्जून बसवा, मुलग्यांना तर नक्कीच.