खरी तारीख की शाळेतली?

झिप फाईलने "पासवर्ड चुकीचा आहे" म्हटलं की लोक लगेच पासवर्ड तोडायचं सॉफ्टवेअर शोधायला लागतात. मंडळी, जरा थांबा!

आधी तीन गोष्टी बघा. फाईल पूर्ण डाऊनलोड झालीये का? कीबोर्ड मराठीवर तर नाही ना? काही मराठी कीबोर्डांवर इंग्रजीऐवजी देवनागरी आकडे उमटतात, आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाही. तिसरं, फाईल एईएस पद्धतीने लॉक केली असेल तर विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांना ती उघडता येत नाही. फुकटात मिळणाऱ्या सेव्हन-झिपला येते.

एवढं करूनही अडलं तर?

मुलुंडला आमच्या शेजारच्या काकांचं असंच अडलं होतं. २०१९चा जुलै, रिटर्न भरायची धावपळ. टॅक्सच्या २६एएस फॉर्मची झिप, पासवर्ड म्हणजे आठ आकडी जन्मतारीख. काकांनी चारदा टाकली. शेवटी मी विचारलं, "काका, जन्मतारीख काय तुमची?"

"कुठली? खरी की शाळेतली?"

खरी म्हणजे आईने सांगितलेली कोजागिरी, पंचांगातून काढलेली. शाळेतली १ जून! नाव घालताना गुरुजींनी लावून टाकलेली. त्या पिढीत असे १ जूनवाले ढिगाने सापडतील. पॅनकार्डावरही तीच. ती टाकली, फाईल उघडली.

"म्हणजे सरकारदरबारी आईपेक्षा गुरुजी खरे," काकू म्हणाल्या. काका काहीच बोलले नाहीत.

मला खटकलं ते वेगळंच. जन्मतारीख हे गुपित आहे का? ऐंशी वर्षांच्या सगळ्या तारखा धरल्या तरी होतात जेमतेम २९ हजार. कॉम्प्युटरला हे चहा उकळेपर्यंतचं काम. १ जूनवाल्यांचं तर विचारूच नका :)

त्यात झिपचं जुनं कुलूपही कच्चं. फिल काट्झने १९८९ मध्ये झिप आणलं, आणि १९९४ मध्ये बिहॅम आणि कोचर यांनी दाखवून दिलं की आतल्या मजकुराचा छोटा तुकडा माहीत असला तर पासवर्डाशिवायही फाईल उघडते. एईएस भक्कम आहे, पण झिपमध्ये फाईलींची नावं तेव्हाही बाहेरून वाचता येतात. 'बाबांचा बायोप्सी रिपोर्ट' असं नाव दिलंत तर कुलूप लावून उपयोग काय?

तेव्हा एईएस निवडा, लांबलचक पासवर्ड ठेवा, नावं साधी द्या. पासवर्ड त्याच मेलमध्ये न पाठवता फोनवर सांगा. आणि घरातल्या एका वहीत लिहून ठेवाच, कारण इथे 'फरगॉट पासवर्ड'चं बटण नसतं.