ती लिली नव्हेच!

पुण्याहून गावी जाताना काय न्यायचं, हा माझा दर वेळचा यक्षप्रश्न. बाकरवडी नेऊन नेऊन आईलासुद्धा कंटाळा आलाय. पण गेल्या मे महिन्यात निमित्त खास होतं. शिरड शहापूरचं आमचं जुनं माळवदाचं घर पाडून तिथे स्लॅबचं नवं घर उभं राहिलं होतं. मोठा हॉल, चकाचक टाइल्स, स्लायडिंगच्या खिडक्या, अंगणात पेव्हर ब्लॉक. अशा घराच्या वास्तुशांतीला पुण्यात फ्रीलान्सिंग करणारी लेक काय घेऊन येणार? अर्थातच इनडोअर प्लांट!

नर्सरीत पीस लिली दिसली आणि मी फिदा झाले. गडद हिरवी पानं, पांढरंशुभ्र फूल, ऊन नको, फार कौतुक नको. 'झिरो मेन्टेनन्स आहे मॅडम,' नर्सरीवाला म्हणाला. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर ती कुंडी मी मांडीवर घेऊन बसले. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक काकूने विचारलं, 'खरं आहे की प्लास्टिकचं?' माझी कॉलर एकदम ताठ!

तिसऱ्या दिवशी दुपारी आईची हाक आली. 'अगं, चिंगी बघ कसं करायली!'

चिंगी म्हणजे आईचं मांजर. मी पुण्याला गेले, दादा हैदराबादला, बाबा दिवसभर शेतात. मग आईच्या मागे मागे फिरणारं आणि तिचं सगळं ऐकून घेणारं घरात एवढं एकच उरलं. ती चिंगी टाइल्सवर बसून पंज्याने तोंड ओरबाडत होती. तोंडातून लाळेची धार. आणि कुंडीपाशी दातांचे ठसे उमटलेलं अर्धं पान.

आपली पिढी अशा वेळी जे करते तेच मी केलं. मोबाइल काढला आणि टाइप केलं, 'लिली, मांजर'. पुढचं वाचून माझे हातपायच गार पडले. लिली मांजरासाठी जीवघेणी. पान, फूल, पराग सगळंच विषारी, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा. एक-दोन दिवसांत किडन्या निकामी होतात. उपचार काही तासांत सुरू झाले तरच आशा.

आईला हे सांगायचं कसं? विष मीच आणलं होतं, तेही गिफ्ट म्हणून.

आमच्या भागात जनावरांचे डॉक्टर म्हणजे गाय, म्हैस, शेळीचे. फोनवर ते प्रामाणिकपणे म्हणाले, 'मांजराला परभणीलाच घेऊन जा.' मी आणि हिंगोली जिल्हा जवळपास एकाच वयाचे. १९९९ मध्ये परभणीतून आमचा जिल्हा वेगळा झाला, पण अडीनडीला गावाला अजूनही परभणी नाही तर नांदेडच आठवतं. चिंगीला आंब्याच्या क्रेटमध्ये ठेवलं, वरून ओढणी बांधली आणि निघालो. बेचाळीस डिग्री ऊन. रस्ताभर आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, 'घरात कोण राहतंय ते तरी बघायचं होतंस आणायच्या आधी.'

परभणीच्या डॉक्टरांनी आधी चिंगीचं तोंड उघडून पाहिलं, मग माझ्या हातातलं पान. म्हणाले, 'फुलाचा फोटो आहे?' मी दाखवला. आणि ते चक्क हसले.

'ताई, ही लिली नव्हेच. नावाचीच लिली. ही तुमच्या अळूच्या भावकीतली!'

मग त्यांनी सगळा फंडा समजावला. अळू कच्चं राहिलं की घसा का खाजतो? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. पीस लिलीच्या पानातही तेच. मांजराने चावा घेतला की जीभ आणि हिरड्या भाजल्यासारख्या होतात, लाळ गळते, तोंड सुजतं. भयंकर दिसतं, पण सहसा जिवावर बेतत नाही. त्यांनी चिंगीचं तोंड धुतलं, एक इंजेक्शन दिलं आणि चमचाभर दही चाटवलं. संध्याकाळपर्यंत बाईसाहेब क्रेटमधून आईकडे बघून ओरडायला लागल्या.

निघताना डॉक्टर म्हणाले, 'खरी लिली असती आणि तुम्ही दोन दिवस वाट बघितली असती, तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.' बुकेमध्ये असतात ना मोठ्या, घमघमणाऱ्या लिली, त्या खऱ्या. अंगाला लागलेले पराग चाटले तरी मांजराला पुरतात. गंमत म्हणजे कुत्र्याच्या किडनीवर त्यांचा तसा परिणाम होत नाही. त्यामुळे 'आमच्या टॉमीला काही झालं नाही' हे सर्टिफिकेट मांजराच्या घरात चालत नाही.

परतीच्या वाटेवर आई पहिल्यांदा बोलली. 'अळूला चिंच लावता येते. तुझ्या लिलीला काय लावायचं?'

त्यानंतर मी झाडांची यादी घेऊन बसले आणि लक्षात आलं, नर्सरीतला 'झिरो मेन्टेनन्स'चा सेक्शन म्हणजे अर्धा अळूचाच कुटुंबकबिला! मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, डायफेनबॅकिया, अ‍ॅग्लोनिमा, अँथुरियम, झीझी प्लांट... सगळे एकाच कुळातले. स्नेक प्लांट आणि कोरफड त्या कुळातले नाहीत, पण मांजराच्या पोटाला तेही चालत नाहीत. पानओवासुद्धा नाही, आपल्याला त्याची भजी कितीही आवडोत. आणि बुटक्या पामसारखं दिसणारं सायकस, म्हणजे सॅगो पाम, तर घरात आणूच नका. ते थेट लिव्हरवर घाव घालतं.

मग उरलं काय? भरपूर! स्पायडर प्लांट हा माझा नंबर वन. पाणी द्यायला विसरलात तरी रुसत नाही, पिल्लं काढून मैत्रिणींना वाटता येतात. आपल्या सफेद मुसळीची ही चुलत बहीण. कोरफडीचा लूक हवा असेल तर हवोर्थिया. तळहाताएवढी कुंडी आणि दहा-पंधरा दिवसांनी पाणी, बस्स. टेबलावर पेपेरोमिया. मोठं काही हवं असेल तर अरेका पाम, फक्त उन्हाळ्यात त्याला पाण्याची आठवण ठेवा. बॉस्टन फर्नही मांजराला सुरक्षित आहे, पण त्याला दमट हवा लागते. मराठवाड्याच्या मे महिन्यात ते बिचारं टिकणार नाही.

नर्सरीत जाताना एवढंच करा. बोर्डवरचं लाडाचं नाव वाचून भुलू नका, झाडाचं शास्त्रीय नाव विचारा. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीसंस्थेची विषारी-बिनविषारी झाडांची यादी मोबाइलवर सहज मिळते, ती तिथेच उभं राहून तपासा. तरीही घोटाळा झालाच तर घरच्या घरी उलटी करवायला जाऊ नका. पान सोबत घ्या आणि सरळ डॉक्टर गाठा.

पण खरा प्रश्न आईने सोडवला. जुन्या घरात अंगणभर हरळी होती. चिंगीला पोटात कसंतरी झालं की ती जाऊन चार पाती चावून यायची. तिथेच कण्हेर होती, सदाफुली होती. दोन्ही विषारी, पण ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. नव्या घरात पेव्हर ब्लॉक आले आणि हरळी गेली. तिच्यासमोर हिरवं म्हणून उरलं ते एकच, माझी लिली. आईने नवरात्रातल्या घटासारखी एका पसरट कुंडीत माती घातली आणि मूठभर गहू पेरले. आठवड्याभरात लुसलुशीत पाती वर आली.

पीस लिली आता माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आहे. इथे मांजर नाही, त्यामुळे दोघीही सुखात. दिवाळीला घरी जाताना मी स्पायडर प्लांट नेला, आधी आईला फोन करून. टीव्हीशेजारी ठेवला आणि दहा मिनिटांत चिंगीने त्याची लोंबती पात पकडली. मी धावणार तोच आईने हात धरला.

'राहू दे की. तिच्यासाठीच आणलंय ना?'