तुळजापूरचा घाट आणि रूपावलि

प्रवासवर्णनें लिहिणारे लोक आपल्या पोटाविषयीं बहुधा मौन धरितात. डोंगर, नद्या, देवालयें आणि सूर्यास्त यांच्या वर्णनांनीं पानेंच्या पानें भरतात. परंतु तीं स्थळें गांठण्यापूर्वीं आपण किती वेळां खिडकीबाहेर मान काढली, हें कोणी सांगत नाहीं. मला मात्र तुळजापूरची माझी पहिली यात्रा आठवूं लागली, कीं आधीं डिझेलचा वास येतो आणि मागाहून देवीचें दर्शन घडतें. आतां साठी उलटली आहे. त्या वासाची लाज उरली नाहीं, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

सन १९६९ च्या वैशाखांत माझी मुंज झाली. तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. मुंजीनंतर बटूस कुलस्वामिनीच्या पायांवर घालावें, हा आमच्या घरचा कुलाचार. शाळेला सुटी होतीच. आजी, बाबा, आई, धाकटी बहीण आणि मी असे पांच जण पुण्याहून रात्रीच्या आगगाडीनें निघालों, ते पहांटे सोलापुरास उतरलों. आगगाडींत मला कांहींच त्रास झाला नाहीं. पुढें तुळजापूरपर्यंतचे सुमारें ४५ किलोमीटर मोटारीनें जावयाचें होतें.

मोटारींत मागच्या चाकांवरचीं बाकें तेवढीं मोकळीं होतीं. निघण्यापूर्वीं आईनें दशम्या आणि लोणचें पोटभर खाऊं घातलें होतें. आजीच्या मांडीवर ओटीचें गांठोडें होतें. त्यांत हिरवें लुगडें, खण, नारळ आणि हळदकुंकू. बाबांनीं माझ्या हातीं रूपावलि दिली आणि म्हणाले, "बसल्या बसल्या ‘मरुत्’ शब्द पाठ करून टाक." वेळ फुकट दवडणें हें त्यांच्या लेखीं पाप होतें.

तामलवाडीच्या सुमारास आपण सोलापूर जिल्हा सोडून धाराशिव जिल्ह्यांत शिरतों. त्या काळीं त्यास उस्मानाबाद जिल्हा म्हणत. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं बदललें. दोहों बाजूंस काळें रान, मधूनमधून बाभळी, आणि समोर हळूहळू वर येणारी बालाघाटाची रांग, असा तो देखावा आहे. मी तो पाहिला नाहीं. पुस्तकांतून मान वर काढण्याची मला मुभा नव्हती.

तुळजापूर जवळ आलें आणि घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर माझ्या कपाळास थंड घाम फुटला. दुसऱ्या वळणावर तोंडांत पाणी सुटलें, जांभया येऊं लागल्या आणि पुस्तकांतील अक्षरें एकमेकांवर चढूं लागलीं. मी क्षीण स्वरानें "बाबा" म्हटलें. ते म्हणाले, "आधीं तृतीया पुरी कर." ‘मरुता’ म्हणून झालें, ‘मरुद्भ्याम्’ पुरें झालें नाहीं. जें व्हावयाचें तें आजीच्या मांडीवरील गांठोड्यावर झालें.

बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. "एवढासा घाट सोसवत नाहीं तुला? मनाचा निग्रह म्हणून कांहीं आहे कीं नाहीं? मुंज झाली ना तुझी!" असें ते सर्वांदेखत बोलले. मग आजीकडे वळून म्हणाले, "देवीची ओटी भ्रष्ट झाली, आई. आतां हा देवळांत यावयाचा नाहीं. आपण दर्शन घेऊं. हा बाहेर बसेल."

मी रडलोंही नाहीं. ज्या देवीसाठीं आम्ही इतक्या दूर आलों, तिचाच मी अपराध केला, असें मला वाटलें. आजी आपलें लुगडें झटकीत शांतपणें म्हणाली, "अरे, तिला आई म्हणतोस ना? मग आईच्या पदरावर ज्यानें ओकारी टाकली नाहीं, असें एक तरी लेंकरूं मला दाखव. तूं माझीं किती लुगडीं नासलींस, तें सांगूं का या मंडळींना?" मंडळी हंसली. बाबा खिडकीबाहेर पाहूं लागले.

तुळजाभवानीच्या मंदिरास पायऱ्या चढून जात नाहींत, उतरून जातात. कल्लोळ आणि गोमुख या तीर्थांवर हातपाय धुतांना आजीनें माझ्या डोक्यावर भरपूर पाणी ओतलें. बाहेरच्या दुकानांतून नवी ओटी घेतली. आजीनें माझा हात धरून मला देवीपुढें उभें केलें, आणि बाबांनीं अडविलें नाहीं. दर्शन घेऊन निघतांना ती म्हणाली, "हिची मूर्ति चल आहे. दसऱ्यास पालखींत बसून हीही सीमोल्लंघनास निघते. प्रवास म्हणजे काय, तें हिला ठाऊक आहे." तें हिरवें लुगडें आजीनें स्वच्छ धुवून आईस दिलें. पुढें त्याची गोधडी झाली आणि ती मींच पांघरली.

परतीच्या वेळीं बाबांनीं कोणाशीं तरी बोलून मला अगदीं पुढचें, चालकाजवळचें बाक मिळवून दिलें. रूपावलि त्यांनीं स्वतःच्या पिशवींत ठेवली. त्या विषयावर ते पुन्हां कधींही बोलले नाहींत.

या विकाराचें कारण मला पुष्कळ उशिरां कळलें. चरकसंहितेंत छर्दीचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पांचवा द्विष्टार्थसंयोगज, म्हणजे किळसवाण्या वस्तूंच्या गंधादिकांनीं होणारा. डिझेलचा वास जमेस धरून माझी छर्दि मी बरींच वर्षें या सदरांत घालीत होतों. परंतु मुख्य कारण निराळें आहे. आपल्या अंतर्कर्णांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान कोणत्या बाजूस वळली, हें त्या मेंदूस कळवितात. मोटार वळणावर वळली, कीं कान म्हणतो ‘आपण फिरत आहों’. आणि पुस्तकावर खिळलेले डोळे म्हणतात ‘सर्व स्थिर आहे’. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं आणि त्याची शिक्षा पोटास भोगावी लागते. चालकास हा त्रास सहसा होत नाहीं, कारण येणारें वळण त्यास आधींच ठाऊक असतें. दोन ते बारा वर्षांच्या मुलांस तो विशेष होतो. निग्रहाचा येथें संबंध नाहीं. ‘बीगल’ जहाजावर १८३१ ते १८३६ अशीं पांच वर्षें काढलेल्या चार्लस डार्विनचीही समुद्र लागण्याची व्यथा शेवटपर्यंत गेली नाहीं, आणि त्याच्या निग्रहाविषयीं कोणी शंका घेणार नाहीं. आपली मराठी या बाबतींत मोठी न्यायी आहे. दृष्ट लागते, ऊन लागतें, तशी गाडी ‘लागते’. लागणें हें गाडीचें काम. माणसाकडे दोष नाहीं.

हें सर्व वाचून ठाऊक असतांनाही माझ्या हातून एक चूक घडली. शिक्षक असतांना १९९४ सालीं मी शाळेची सहल घेऊन नळदुर्गास निघालों होतों. बोरी नदीवरील धरणाच्या भिंतींतच बांधलेला तेथील पाणीमहाल मुलांस नीट समजावा, म्हणून मोटारींत एका मुलाच्या हातीं माहितीचें पुस्तक देऊन मीं त्यास मोठ्यानें वाचावयास सांगितलें. थोड्याच वेळांत त्यास गाडी लागली. मुलें हंसूं लागलीं आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "एवढेंही सोसवत नाहीं तुला?" आवाज माझा होता, वाक्य बाबांचें होतें. मीं त्या मुलाची क्षमा मागितली, त्यास पुढें नेऊन बसविलें आणि तळ स्वतःच्या हातांनीं पुसला. त्या दिवशीं बाबांवरचा माझा जुना रागही गेला. रूपावलि देणाराचा हेतु वाईट नसतो, हें मला तेव्हां पटलें.

गेल्या वर्षीं नातवास घेऊन तुळजापुरास गेलों. सोलापूरचा रस्ता आतां चौपदरी झाला आहे. नातवाच्या हातांत रूपावलि नव्हती, मोबाईल होता. डोळे मात्र माझ्यासारखेच खालीं खिळलेले. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मीं मोबाईल मागून घेतला, कांच खालीं केली, आवळकाठी तोंडांत दिली आणि म्हटलें, "दूर बघ. समोर काय दिसतें, तें मला सांग."

तो म्हणाला, "आजोबा, डोंगर दिसतात. एका सरळ रेघेंत आहेत."

ती बालाघाटाची रेघ १९६९ सालींही तेथेंच होती. घाट चढून जाईपर्यंत आम्ही दोघे ती पाहत बसलों.