व्हिएन्नाची अश्वशाळा

व्हिएन्नास जाणाऱ्या प्रवाशानें राजवाडे पाहावे व संगीत ऐकावें, असें सर्वच सांगतात. आम्ही गेलों तें घोडे पाहावयास. हॉफ्बुर्ग राजवाड्यांतच सहाव्या चार्ल्स बादशहानें १७२९ ते १७३५ या काळांत बांधविलेली अश्वशाळा आहे. घोडे मूळ स्पेनच्या वंशाचे म्हणून नांव स्पॅनिश. आंत पाऊल टाकतांच दरबारांत आल्याचा भास होतो. ५५ मीटर लांबीचें शुभ्र दालन, सज्जे तोलणारे ४६ स्तंभ, वर झुंबरें, आणि खालीं संगमरवराऐवजीं वाळू! तपकिरी कोट घातलेला प्रत्येक स्वार आंत येतांना बादशहाच्या चित्रापुढें टोपी उतरवितो.

घोडे लिपित्सानेर जातीचे. १५८० सालीं लिपित्सा येथें यांची पैदास सुरू झाली; हल्लीं शाळेसाठीं तीं ऑस्ट्रियांतील पीबर येथें होते. शिंगरूं जन्मतां काळसर असतें व वर्षानुवर्षें उजळत पांढरें होतें.

खेळाच्या दिवशीं सर्व कसें बिनचूक असतें. शिकवणें पाहावयाचें तर सकाळच्या तालमीसच गेलें पाहिजे. आम्हांस विशेषतः पाहावयाचा होता तो दौडींतला पायबदल. घोडा मंद दौडूं लागला म्हणजे पावलांचे तीन ठोके पडतात व मग क्षणभर चारही पाय अधांतरीं असतात. या दौडींत एका बाजूचे पाय पुढें पडतात. उजवीकडे वळतांना उजवी बाजू पुढें असणें सोयीचें, डावीकडे वळतांना डावी. साधा उपाय असा कीं, घोड्यास दोन-चार पावलें चालीवर आणून मग दुसऱ्या बाजूनें दौड धरावी. परंतु दौड न मोडतां त्या अधांतरीं क्षणींच बाजू बदलणें हा खरा पायबदल. कुरणांतलीं शिंगरें हें सहज करतात. पाठीवर माणूस बसला कीं तोल बिघडतो आणि तेंच दुर्घट होतें.

एका तरुण स्वारानें इशारा दिला. घोड्याचे पुढचे पाय बदलले, मागचे एक पाऊल उशिरा आले. म्हणजे पायबदल अशुद्ध झाला. घोडा बावरून पुढें धावला. आम्हांस वाटलें, आतां चाबूक! चाबूक हातांत होता, पण उगारला गेला नाहीं. स्वारानें घोडा चालीवर आणला, लगाम सैल सोडला व एक फेरी नुसतें चालविलें. मग वर्तुळांत दौड. मग डावीकडे वळतांनाही मुद्दाम उजवी बाजू पुढें ठेवून दौड. पुष्कळ वेळ त्यानें पायबदलाचें नांवच काढलें नाहीं. शेवटीं त्याची उजवी टाच किंचित् मागें सरकली, एवढेंच आम्हांस दिसलें. घोडा डाव्या बाजूवर आला, मागचेपुढचे पाय एकाच उसळींत. स्वार लगेच थांबला, कोटाच्या मागच्या खिशांतून साखर काढून त्यानें घोड्यास दिली, आणि त्या घोड्याची त्या दिवसाची शाळा सुटली.

पाय हवेंत असतांना ओढून वा मारून कांहीं साधत नाहीं. जें करावयाचें तें त्यापूर्वींच झालेलें असावें लागतें. पुढें दर चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या पावलास व अखेर प्रत्येक पावलास बदल शिकवितात. ग्रां प्री स्पर्धेंत दुसऱ्या पावलाचे ९ व प्रत्येक पावलाचे १५ बदल सलग करावे लागतात. तें नृत्य नेत्रसुखद खरें; आम्हांस मात्र तो एकच बदल अधिक आवडला.

ही विद्या मुख्यत्वें तोंडींच चालते, आणि १९४५ सालीं तिची सांखळी तुटावयाचीच होती. बाँबहल्ल्यांमुळें शाळेचे प्रमुख आलोइस पोधायस्की यांनीं घोडे सांक्ट मार्टिन या गांवीं नेले होते. तेथें ७ मे रोजीं अमेरिकन सेनापति पॅटन यांजपुढें खेळ करून त्यांनीं अभय मागितलें, व तें मिळालें. शाळा व्हिएन्नास परतली ती १९५५ सालीं. युनेस्कोनें २०१५ सालीं या विद्येस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

नवशिक्यास येथें मुरलेला घोडा देतात. घोडा माणसास शिकवितो, मग तो माणूस तरण्या घोड्यास. २००८ सालापासून मुलींसही उमेदवारीस घेतात. त्या सकाळीं अशीच एक मुलगी म्हाताऱ्या घोड्यावर रिकिबीवांचून बसली होती. शिक्षक लांब दोरीनें घोड्यास मंडलाकार फिरवीत होता. आपले चाबुकस्वार यासच कावा देणें म्हणत. मुलगी दोनदां घसरली व दोनदां सावरली. घोडा आपल्या चालींत तिळमात्र फरक न करतां फिरतच होता.