घर माझे, राहते आते

आमचे गावचे घर डिचोली तालुक्यात. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढे सोपा, मागे न्हाणी. कागदावर ते माझे आहे. राहतात तिथे माझी आते आणि तिचा मुलगा. भाड्याचा प्रश्नच नाही. आतेकडून कोण भाडे घेतो? मी पणजीला असतो. चवथीला जातो, मध्येच एखाद्या रविवारी जातो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गोव्याला झोडपले, तेव्हा परसातल्या फणसाची फांदी न्हाणीवर कोसळली. वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. नशीब, आत कोणी नव्हते. दुरुस्तीचे पैसे मी दिले आणि तेव्हाच विम्याचे डोक्यात आले. आपण गाडीचा विमा काढतो तो कायद्याच्या भीतीने. घराचा हवाला मात्र देवावर!

चौकशी केली तर कळले की 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी आली आहे. आग, वीज, वादळ, पूर, दरड, अंगावर कोसळलेले झाड, हे सगळे तिच्यात बसते. रक्कम जमिनीच्या भावावर ठरत नाही, घर पुन्हा बांधायला किती लागेल त्यावर ठरते. आमचे घर सुमारे 140 चौरस मीटर. मीटरमागे 20 हजार धरले तरी 28 लाख होतात. घरातल्या सामानासाठी त्याच्या वीस टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप मिळतात.

इथवर सगळे सोपे होते. मग अर्जातला प्रश्न आला : घरात कोण राहते? एजंट म्हणाला, ‘स्वतः’ लिहून टाका, कोण बघायला येतो? मला ते पटले नाही. खोटे लिहून काढलेला विमा नुकसानीच्या दिवशीच उलटतो. मी म्हटले, खरे तेच लिहू. मग तो म्हणाला, तर आतेकडून एक कागद घेऊन ठेवा, की त्या तुमच्या परवानगीने, भाडे न देता राहतात. पुढे भानगड नको.

आपल्या गोव्यात या सल्ल्यामागची भीती नवी नाही. 1975 च्या मुंडकार कायद्यानंतर राहणारा आणि मालक यांच्यात संशयाची जी पाचर बसली, ती कधीकधी सख्ख्या नात्यातही शिरते. मीही तो कागद टाईप करून घेतला आणि रविवारी गावी गेलो.

आतेने चष्मा लावून कागद वाचला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ह्या घरा खातीर एक सय म्हणें केल्या. आनीक खंयची जाय?”

मी गप्प झालो. कारण मला ते ठाऊक होते, फक्त आठवायचे नव्हते. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज संहितेमुळे मुलीलाही मुलाइतकाच वाटा. आजोबा गेले तेव्हा या घरात आतेचा अर्धा हिस्सा होता. तिने आणि तिच्या यजमानांनी नोटरीसमोर बसून तो सोडला, एक पैसा न घेता, भावाचे घर मोडू नये म्हणून. पुढे यजमान गेले आणि ती मुलाला घेऊन माहेरी आली. गेली वीस वर्षे दर मे महिन्यात कौले परतून घेते तीच. वाळवी लागलेला वासा बदलते तीच. मी त्याचा हिशेब कधी विचारला नाही.

कागद मी खिशात घातला. अर्जात सरळ लिहिले : घरात मालकाची आते राहते, भाडे नाही. विमा माझ्या आणि बायकोच्या नावावर काढला, कारण आपल्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर वारशाने आलेले घरही दोघांचे. आणि आम्हा दोघांच्या सहीचे एक पत्र आतेला दिले, की ती असेपर्यंत हे घर तिच्या राहण्याचे. नुसत्या पत्राने भागत नाही, ते नोटरीकडे जाऊन रीतसर करायचे होते. तेही पुढे केले.

पत्र घडी करून ठेवताना तिने विचारले, “आनी म्हजे पेटयेचें कितें?”

प्रश्न बरोबर होता. माझी पॉलिसी म्हणजे माझे घर आणि माझे सामान. तिची पेटी, फ्रीज, शिवणयंत्र ही तिची. घर आपले नसले तरी फक्त सामानाचा विमा काढता येतो, म्हणून तो तिच्या मुलाच्या नावे वेगळा काढला. जे कोणी नातेवाइकांना घर देऊन बसले आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे : दोन पॉलिसी, आणि अर्जात खरे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला. “कौलां परतुपाक मनीस मेळना. तूं आयतारा यो.”

झीज आणि वाळवी कुठल्याच विम्यात बसत नाही. मी गेलो. शिडी धरायला कोणीतरी हवेच होते.