भागाकारातली दोन शून्यं

नववीला मूळ संख्या शिकवत होतो. फळ्यावर ३, ५, १७, २५७, ६५,५३७ असं लिहिलं. दोनाचा १, २, ४, ८, १६ वा घात घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. या फर्मा संख्या. पाचही मूळ. पुढचा घात ३२, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ‘हीसुद्धा मूळच,’ मी ठामपणे सांगून टाकलं.

प्रत्यक्षात शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं होतं. एकीनेही भाग गेला नाही, म्हणून तिथेच थांबलो. या संख्येचं वर्गमूळ ६५,५३६च्या किंचित पुढे आहे. खात्री करायची तर तिथपर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासायला हवी. हा नियम मीच मुलांना शिकवला होता.

काही दिवसांनी एक मुलगी वही घेऊन आली. ‘सर, ६४१ने पूर्ण भाग जातोय.’ घरी ओळीने एकेका मूळ संख्येने भागत ती तिथवर पोचली होती. मी वहीवर नजर टाकली. भागाकार होता ६७,००,४१७. मधली दोन शून्यं पाहिली आणि म्हणालो, ‘आकडा खाली घेताना चुकलीस. पुन्हा कर.’ मुलं तिथेच चुकतात, हा माझा अनुभव. तिची मांडणी मात्र मी वाचलीच नाही. ४४८९मधून ४४८७ गेले की उरतात २. मग २६ला भाग जात नाही, २६७लाही जात नाही. शून्यं बरोबर होती.

रात्री मी स्वतः भागाकार केला. बाकी शून्य. तरीही दुसऱ्या दिवशी वर्गात काही न बोलता पुढचं प्रकरण सुरू केलं. चूक कबूल केली ती पुष्कळ उशिरा. तोवर त्या मुलीने स्वतःहून काही दाखवायला आणणं बंद केलं होतं. ते पुन्हा सुरू झालं नाही.

पुढे या संख्येचा इतिहास नीट वाचला. या सगळ्या संख्या मूळ असाव्यात, असं फर्माने १६४०मध्ये पत्रातून कळवलं होतं. पण सिद्धता आपल्याकडे नाही, हेही लिहिलं होतं. १७३२मध्ये ऑयलरने ६४१ हा अवयव दाखवला. या संख्येच्या मूळ अवयवाला ६४ने भागल्यावर बाकी १च उरते. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, एवढ्याच संख्या तपासाव्या लागतात. माझ्या विद्यार्थिनीजवळ ही युक्ती नव्हती. तिने नुसत्या चिकाटीने तोच अवयव शोधला होता.

फर्माचा अंदाज चुकला, पण त्याने अंदाजाला अंदाजच म्हटलं. मी ती ओळ गाळून मुलांना नियम म्हणून शिकवलं. ६५,५३७च्या पुढची एकही फर्मा संख्या मूळ असल्याचं आजवर आढळलेलं नाही. पुढे कधीच आढळणार नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. वर्गात आता मी या दोन्ही गोष्टी सांगतो आणि वही समोर आली की पहिल्या ओळीपासून वाचतो.