आम्ही आणि आपण

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. गुजराती आणि तेलुगू या शेजारभाषांतही हा भेद आहे. हिंदीच्या 'हम'ला मात्र तो स्वतंत्र शब्दाने दाखवता येत नाही. व्याकरणाच्या तासाला मी हे सांगतो आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत या प्रश्नाला फार तर दोन गुण असतात. या भेदाचे खरे मोल मला जाणवले ते जानेवारी २०२५ मध्ये आणि तेही कोणत्याही व्याकरणग्रंथामुळे नव्हे. नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचे सामने मी त्या आठवड्यात मोबाइलच्या पडद्यावर पाहत होतो.

१३ ते १९ जानेवारी या काळात इंदिरा गांधी क्रीडासंकुलात ही स्पर्धा झाली. तेवीस देश सहभागी होते. ज्या खेळाचे नियम १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले आणि आपल्या शाळांच्या मुरमाड पटांगणांवर चुन्याच्या रेघा ओढून जो आपण खेळत आलो, तो आता मॅटवर, प्रकाशझोतात, पेरू आणि ब्राझीलचे खेळाडू खेळत होते. दक्षिण कोरियाची मुलगी बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणत होती आणि तो उच्चार कोणालाही भाषांतरित करून सांगावा लागत नव्हता. आमच्या भाषेने या अक्षराला तसा न्याय दिलेला नाही. 'खो घालणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात मोडता घालणे, असा अर्थ शब्दकोशात रूढ झाला. मैदानावर मात्र खो दिला जातो. आपली धाव थांबवून ती दुसऱ्याच्या स्वाधीन करायची आणि आपण त्याच्या जागी बसायचे, एवढाच त्याचा अर्थ.

भारताच्या महिला संघाची कर्णधार होती प्रियंका इंगळे. ती मूळची आमच्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातल्या कळमअंब्याची. ही बातमी जिल्ह्यात पोहोचली तेव्हा केज तालुक्याचे नाव निराळ्याच कारणाने महाराष्ट्रभर घेतले जात होते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली होती. त्यानंतरचे कित्येक आठवडे वाहिन्यांवर 'बीड' हा शब्द भयाचा प्रतिशब्द म्हणून वापरला जात होता. परगावच्या चर्चासत्रात ओळख करून देताना गावाचे नाव सांगितले की समोरचा क्षणभर थांबायचा. ते एक वेळ सोसता येत होते. जिल्ह्याच्या आत जे घडत होते ते सोसणे अवघड होते. जुने स्नेही एकमेकांची आडनावे नव्याने वाचू लागले होते. संक्रांतीला स्टाफरूममध्ये तिळगुळाचे डबे फिरले खरे. पण 'गोड बोला' हे शब्दही त्या वर्षी जपून उच्चारले जात होते. पुढे त्याच वर्षी बीडच्या पोलीस दलाने गणवेशावरील नामपट्टीतून आडनाव वगळले आणि फक्त नाव ठेवले. आडनावाचे ओझे किती झाले होते, हे सांगायला आणखी पुरावा नको.

अशा दिवसांत मी एम.ए.च्या वर्गात सहज म्हणालो, "आपल्या जिल्ह्यातली मुलगी भारताची कर्णधार आहे." वर्गाला आनंद झाला. आणि लगेच मागच्या बाकावरून हलक्या आवाजात प्रश्न आला, "सर, इंगळे म्हणजे कोणते?" प्रश्नात द्वेष नव्हता. आपल्याकडे हा प्रश्न हवापाण्यासारखा विचारला जातो. इंगळे हे आडनाव अनेक समाजांत आढळते, त्यामुळे विचारणाऱ्याची अडचण झाली होती इतकेच. टाळ्या किती जोरात वाजवायच्या हे ठरवण्यासाठी त्याला ही माहिती हवी होती. मी उत्तर दिले नाही. संघातल्या पंधराजणींची यादी तेवढी फळ्यावर लिहिली. अश्विनी शिंदे, रेश्मा राठोड, नसरीन शेख, मगई माझी, निर्मला भाटी, चैत्रा, अंशू कुमारी, नाझिया बीबी... यादी पुरी होईपर्यंत प्रश्न विरघळून गेला. 'म्हणजे कोणते' हे तरी किती जणींविषयी विचारणार?

व्याकरणातला 'आपण' सर्वांना आत घेतो. व्यवहारातला 'आपला माणूस' मात्र बरोबर उलट काम करतो. निवडणुकीत, नेमणुकीत, बदलीत 'आपला' म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. तो शब्द उच्चारला जातो तेव्हा खोलीतल्या काही जणांना उठून जाण्याची सूचना मिळालेली असते. जो शब्द दार उघडण्यासाठी घडला, त्याचाच आपण अडसर केला. भाषेचा शिक्षक म्हणून त्या दिवसांत मला सर्वांत अधिक टोचत होते ते हेच.

महिला संघाचा पहिला सामना संक्रांतीच्याच दिवशी दक्षिण कोरियाशी झाला. भारताने तो १७५-१८ असा जिंकला. नंतर इराणविरुद्ध १००-१६. अशा विजयात प्रेक्षकाला करण्यासारखे फारसे उरत नाही. 'आपण जिंकलो' म्हणायला तिथे काहीच खर्च पडत नाही. माझे लक्ष हळूहळू हरणाऱ्या मुलींकडे जाऊ लागले. उठायचे कोणत्या दिशेने हे विसरणाऱ्या, खांबापाशी गोंधळणाऱ्या आणि एक गडी बाद झाला की सामना जिंकल्यासारख्या बिलगणाऱ्या त्या मुली पाहताना त्यांच्याविषयीही मनात एक 'आपण' उमटत होता. १९ तारखेच्या अंतिम सामन्यात नेपाळच्या मुली समोर होत्या. पहिल्याच पाळीत ३४-० असे मागे पडूनही दुसऱ्या पाळीत त्यांनी चोवीस गुण वसूल केले. शेवटी ७८-४० असा निकाल लागला. त्याच दिवशी प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली पुरुष संघानेही नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. दोन्ही चषक भारताचे झाले.

पण मला सामन्यांच्या निकालांपेक्षा बसलेल्या खेळाडूंविषयी अधिक लिहावेसे वाटते. आपण लहानपणी खेळलो त्या खेळात आठ जण बसत आणि नववा धावे; विश्वचषकातल्या वेगवान प्रकारात ही संख्या कमी केलेली होती. पण बसण्याची रीत तीच. शेजारच्या दोघांची तोंडे नेहमी विरुद्ध दिशांना. एकाला जे मैदान दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की हे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले लोक आहेत. धावणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही. संरक्षक पलीकडे निसटला की त्याच्यापुढे एकच उपाय उरतो. आपल्याकडे पाठ करून बसलेल्या गड्याला खो द्यायचा, कारण त्याचे तोंड पलीकडे आहे. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले तर अर्धे मैदान मोकळे सुटेल. आणि जो उठतो तो मागे वळून पाहत नाही. हात कोणाचा, हे तपासत नाही. आवाज कानावर पडताच तो धावतो. विरुद्ध दिशांना पाहणारी माणसे एका संघाची असू शकतात, नव्हे, असावीच लागतात, हे मला आमच्या जिल्ह्याच्या त्या महिन्यात कोणत्याही सद्भावना सभेपेक्षा त्या बैठकीने अधिक स्पष्ट सांगितले.

याचा अर्थ विश्वचषकाने बीड सावरले असा नाही. चषक आला, फटाके वाजले, फलक लागले आणि फलकांवर शुभेच्छुकांच्या नावांची आडनावांसह गर्दी झाली. सात दिवसांच्या खेळाकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. शिवाय 'आपली मुलगी' म्हणताना एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. प्रियंका घडली ती पुण्याच्या परिसरातल्या मैदानावर. मूळगाव आमचे, पण तिच्या पाठीवर हात ठेवून खो दिला तो तिथल्या प्रशिक्षकांनी. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला, तेव्हाही आम्ही असेच 'आपला' म्हणालो होतो. त्याची धावही सैन्यात गेल्यावर घडली. यशानंतर हक्क सांगण्यात आम्ही कमी पडत नाही. त्याआधीच्या वर्षांत 'आपली' हा शब्द आम्ही कोणाविषयी उच्चारतो?

आमच्या भागात दिवाळीनंतर गावे अर्धी रिकामी होतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या मुली आजीकडे राहतात, नाहीतर फडावर जातात आणि पुष्कळदा वय होण्याआधीच त्यांचे लग्न उरकले जाते. महाविद्यालयीन सामने नेमके याच महिन्यांत येतात. आमच्या ओळखीच्या एका महाविद्यालयाचा मुलींचा संघ दर वर्षी कागदावर बाराजणींचा असतो आणि जानेवारीत मैदानावर सात-आठच उरतात. विश्वचषकाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतली एक मुलगी मला भेटली. अंतिम सामना तिने शेजाऱ्यांच्या मोबाइलवर पाहिला होता. मला वाटले, ती कर्णधाराविषयी काही विचारील. तिने विचारले ते एवढेच, "सर, रविवारी मैदानाचं फाटक बंद असतं. ते उघडं राहावं म्हणून आपल्याला कुणाला भेटावं लागंल?"

वाक्यात 'आपल्याला' होते. मी तिच्याबरोबर कार्यालयाकडे निघालो.